कागदावर शिकलेलं पिल्लू

आमची मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. आणायचं असं माझ्या मनात नव्हतं. बायकोच्या तर अजिबात नव्हतं. माझे सासरे धसईला शेती करतात. भात झोडून झालं की दरवर्षी आम्ही नवा तांदूळ आणायला जातो, तसे गेलो होतो. खळ्याच्या कडेला पेंढ्याच्या आडोशाला त्यांच्या कुत्रीनं पाच पिल्लं घातली होती. चार एकमेकांच्या अंगावर झोपली होती. पाचवं, बदामी रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला, माझ्या बुटाची नाडी सोडवत बसलं होतं. मी ते उचललं. माझ्या हातून एवढंच झालं.

सासरे लगेच म्हणाले, "जावयबापू, न्या त्याला. पोर गेली, घर रिकामंच हाय तुमचं."

बायको म्हणाली, "बाबा, ह्यांना कशाला सांगता? त्याची घाण काढणार कोण?"

"काय काढायचं गो त्याच्यात? रानात जाऊन येतो कुत्रा. आमी कधी काढली?"

शहापूरला आमच्या घराला रान नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. मोटरसायकलच्या टाकीवर तांदळाची छोटी गोणी, मागं बायको आणि तिच्या मांडीवर टोपलीत पिल्लू, असे आम्ही निघालो. मुरबाडपर्यंत ती टोपली सावरत होती. मुरबाड सोडल्यावर म्हणाली, "तुमच्या पाहुण्यानं माझ्या साडीवर केलं."

आमचं घर म्हणजे पुढच्या खोलीत माझं झेरॉक्सचं दुकान, मागं दोन खोल्या, त्यामागं पडवी आणि हातभर अंगण. पिल्लानं पडवीत राहायचं, घरात पाय ठेवायचा नाही, असं बायकोनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं. पहिली रात्र ते रडलं. सकाळी पाहतो तर स्वयंपाकघरात गोणपाटावर गाढ झोपलेलं. मी आत आणलं नव्हतं. बायको म्हणाली, तिनंही आणलं नव्हतं. दाराला आतून कडी होती, तेव्हा तो विषय आम्ही तिथंच सोडला.

नावाचाही असाच घोळ झाला. मी एक नाव ठेवलं. ते नाव आपल्या चुलतमामाचं आहे म्हणून बायकोनं दुसरं ठेवलं. मुलीनं फोनवर दोन्ही नावं जुनाट ठरवून तिसरं सुचवलं, आणि फोन आला की त्याच नावानं हाका मारायची. पिल्लू तिन्हींना सारखाच मान द्यायचं, म्हणजे कशालाच ओ द्यायचं नाही.

चावणं तर सतत चालू. माझे हात, बायकोच्या साडीचा काठ, पायपुसणं, सोफ्याचा कोपरा. शेजारच्या वहिनींची एकच चप्पल न्यायचं, जोडी कधीच नाही. फरशी पुसायला बायकोनं फडकं घेतलं की ते त्याला दातांनी लटकायचं आणि तिच्याबरोबर घरभर घसरत फिरायचं. साखळी घालून मी त्याला बाहेर काढलं, तर कचेरीच्या रस्त्यावर मधोमध ते बसलं. मी ओढलं, तर झोपलं. समोरचा चहावाला गाडीवरून म्हणाला, "काका, दमवलंत का त्याला?" आम्ही घरापासून वीस पावलं आलो होतो. परतताना मी त्याला काखेत मारून आणलं.

मुलगी रोज पुण्याहून व्हिडिओ पाठवायची. कुत्र्याला कसं शिकवावं याचे एवढे व्हिडिओ जगात असतील, हे मला माहीत नव्हतं. त्यातला एक मला पटला. दर दोन तासांनी पिल्लाला कागदावर नेऊन उभं करा, त्यानं केलं की शाबासकी द्या, वर बिस्किटाचा तुकडा द्या. झेरॉक्सच्या दुकानात वाया गेलेल्या कागदांना तोटा नाही. मी पडवीत, मोरीपाशी, जिन्याखाली कागद पसरले आणि खिशात बिस्किटं घेऊन त्याच्यामागं हिंडू लागलो. आणि खरंच सांगतो, नऊ दिवसांत ते शिकलं. कागद दिसला की जायचं, हुंगायचं, एक गिरकी घ्यायचं, बसायचं, आणि काम झालं की माझ्याकडं बघायचं. मी गिऱ्हाइकांना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, सासऱ्यांना फोन करून सांगितलं.

बायको म्हणाली, "लेकीचा शाळेत पहिला नंबर आला तेव्हा एवढं सांगितलं नव्हतं."

त्यानंतरच्या सोमवारी डोळखांबकडचे एक आजोबा दुकानात आले. बाहेरून एका माणसाकडून त्यांनी कसल्याशा दाखल्याचा अर्ज भरून आणला होता, त्याच्या प्रती काढायच्या होत्या. दुकानात गर्दी होती. आपला नंबर येईपर्यंत कागद क्रमानं लावावेत म्हणून आजोबा भिंतीशी उकिडवे बसले आणि त्यांनी एकेक कागद जमिनीवर मांडायला सुरुवात केली. अर्ज, शिधापत्रिका, सातबारा. मी मशिनीकडं तोंड करून उभा होतो. मागचं दार उघडं होतं.

मी वळलो तेव्हा गिरकी घेऊन झाली होती. मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. अर्जावर, बरोबर मध्यभागी, एक थेंबही बाहेर न सांडता त्यानं काम उरकलं आणि माझ्याकडं पाहिलं. सवयीनं माझा हात खिशातल्या बिस्किटाकडं गेला. हे मी कुणाला सांगणार नव्हतो, पण दुकानातल्या सगळ्यांनी पाहिलं.

आजोबांनी अर्जाकडं पाहिलं, पिल्लाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. शांतपणे विचारलं, "आता ह्यो चालंल का?"

बाकीचे लोक हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नवा कोरा अर्ज काढला, दुकान तसंच ठेवून त्यांच्याशेजारी बसलो आणि माझ्या हातानं पहिल्यापासून भरून दिला. फोटो जुन्या अर्जावरून सोडवून, पुसून, वाळवून पुन्हा चिकटवला. तासभर गेला. बायकोनं आतून चहा आणून दिला आणि आजोबांची माफी मागितली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. आजोबा मात्र खूश होते. जाताना म्हणाले, "कुत्रा हुशार हाय तुमचा. सातबारा सोडला त्यानं. नायतर माझी पंचाईत होती."

त्याच दुपारी बायकोनं धसईला फोन लावला. "बाबा, याला घेऊन जा. लोकांची कामं नासायला लागली आता."

रविवारी सासरे आले. त्यांना मी कागदाची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, "जावयबापू, तुमी त्याला अर्ज करायला शिकवला." मग त्याला खांद्यावरच्या पिशवीत घालून ते बसस्टँडकडं चालू लागले. पिशवीतून उभा कान तेवढा दिसत होता.

बायकोनं त्या दिवशी दोनदा फिनेल टाकून घर पुसलं. म्हणाली, "कसं मोकळं वाटतंय."

मी हो म्हणालो. दोन दिवस आम्ही असं एकमेकांना सांगत राहिलो. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं भाकरीचा शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला काढून ठेवला, मग त्याच्याकडं बघत बसली आणि शेवटी स्वतःच खाल्ला. फरशी पुसताना खोलीच्या मध्यावर फडकं धरून थांबायची. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "काही नाही, कंबर भरली." शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, आता चप्पल बाहेर ठेवली तर चालेल ना. बायको त्यांना जरा तुटकपणे म्हणाली, "ठेवा की. कोण नेणारे आता."

पाचव्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"तुमी काय करून ठेवलाय हा कुत्रा?" ते म्हणाले. "अख्खं रान पडलंय बाहेर. हा रानात खेळतो, आनि करायचं झालं का घरात येऊन कागद हुडकतो. भाच्याच्या लग्नाच्या पत्रिका आल्या होत्या, जरा खाली ठेवल्या."

"मग?" बायकोनं विचारलं.

"मग काय, आता नवरीचं नाव वाचता येत नाय."

बायकोनं पदर तोंडाला लावला. सासरे पुढं म्हणाले, "आनि नाव काय ठेवलंय याचं? पोरीनं फोनवर सांगितलं त्या नावानं हाक मारली, ढिम्म. तुमी म्हनता त्या नावानं मारली, ढिम्म. आनि तुझी आय मला चुलीपासून 'अहो' म्हनली, का माझ्या आदी हा दारात. शेपूट हालवत. मी रोज येतो नि हा रोज माझ्या पुढं. म्हातारी म्हनते, तुमच्यापेक्षा ह्यो बरा, पयल्या हाकंला येतो."

आम्ही दोघं हसलो. बायको तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली आणि रिकाम्या गोणपाटाकडं बघू लागली.

माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. आमच्या घरात दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा मारली जाणारी हाक तीच. अहो, चहा झालाय. अहो, गॅस संपला. अहो, ऐकताय का. तिनं हाक मारली की मी दुकानातून आत जायचो आणि पिल्लू माझ्याबरोबर यायचं. मला वाटायचं ते माझ्या मागं मागं येतंय. ते तिच्या हाकेला येत होतं. तीन नावांपैकी एकही त्यानं घेतलं नाही, चौथं आपलं आपण ठरवलं, आणि धसईला ते रोज चुलीपाशी धावत जाऊन हाक मारणाऱ्या बाईचं तोंड बघत होतं. आवाज आईलेकीचा सारखाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको प्रवासाची साडी नेसून तयार होती. म्हणाली, "तांदूळ संपत आलाय. धसईला जाऊन येते."

तांदळाची गोणी स्वयंपाकघरात आम्हा दोघांच्या मध्येच उभी होती, जवळजवळ भरलेली. मी म्हणालो, "गाडीवर सोडतो की."

"तुमचं दुकान आहे. मी बसनं जाईन."

शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून धसई, आणि तसंच परत. संध्याकाळी मी स्टँडवर घ्यायला गेलो. ती उतरली तेव्हा हातात एकच कापडी पिशवी होती आणि ती पिशवी हलत होती. तिनं ती माझ्या हातात दिली. "धरा नीट. वाटेत दोनदा ओकलाय."

"आणि तांदूळ?"

"विसरला."

मुरबाडच्या गाडीत कंडक्टरनं पिशवीकडं बोट करून काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून तांदूळ असंच गेलं, हे तिनं मला नंतर बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्याच वेळी पिशवी शिंकली. कंडक्टर म्हणाला, "नवा दिसतोय," आणि तिकीट फाडून पुढं गेला.

त्या दिवसापासून शिक्षण बायकोनं हातात घेतलं. माझी बिस्किटं बंद झाली. नाव एकच राहिलं, तिनं ठेवलेलं, आणि मुलीलाही फोनवर तसं बजावण्यात आलं. मला हाक मारताना ती काही दिवस फार जपून बोलायची. कधी नुसती भांडी वाजवायची. घरातले जमिनीवरचे कागद गेले. एक तेवढा अंगणाच्या कोपऱ्यात, वर दगड ठेवून. पिल्लानं खाल्लं की लगेच ती त्याला तिथं न्यायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. डिसेंबरात सकाळी आमच्याकडं चांगलीच थंडी असते. स्वेटर, डोक्याला स्कार्फ, हातात चहाचा कप, आणि समोर पिल्लू कावळ्यांकडं बघत बसलेलं. ती बोलत नसे, ओढत नसे. एकदा पाऊण तास उभी होती. मी खिडकीतून म्हणालो, आज सोड. ती म्हणाली, त्याला घाई नाही तर मला पण नाही.

तो कागद ती रोज थोडा फाडायची. पूर्ण पानाचं अर्धं झालं, अर्ध्याचं पाव, मग बसच्या तिकिटाएवढा, आणि एके दिवशी नुसता दगड राहिला. पिल्लानं दगड हुंगला, गिरकी घेतली आणि बसलं. तिनं माझ्याकडं वळून पाहिलंही नाही. हे कुठल्या व्हिडिओत होतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "व्हिडिओ कशाला लागतो?"

सगळं एवढं सरळ झालं असं नाही. मध्ये दोन चुका झाल्या, दोन्ही पाहुणे आलेले असताना. चावणं दात पडून नवे येईपर्यंत चाललं. त्यात माझी एक वहाण आणि तिचा अळूचा वाफा गेला. साखळी त्याला आजही फारशी पटत नाही, पण तिच्याबरोबर जाताना ते चालतं. माझ्याबरोबर असलं की चहाच्या गाडीपाशी एकदा बसून घेतं, लोकांना दाखवायला.

कुणाचा कुत्रा, असं कुणी विचारलं की बायको अजून म्हणते, ह्यांचा. शेजारच्यांचे वाळत घातलेले पापड त्यानं खाल्ले तेव्हा तर तिनं हे तीन घरी जाऊन सांगितलं.

गेल्या महिन्यात त्याचं इंजेक्शन होतं, म्हणून आम्ही दोघं त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. आता ते चांगलं मोठं झालंय, टेबलावर मावत नाही. डॉक्टर म्हणाले, ज्याचं ऐकतो त्यानं डोकं धरा. मी पुढं व्हायच्या आत बायको पुढं झाली. तिनं त्याचं डोकं छातीशी घट्ट धरलं आणि स्वतःचे डोळे गच्च मिटले. डॉक्टर सुई हातात घेऊन थांबले. म्हणाले, "ताई, तुम्हाला नाही देत."

तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "तुम्ही द्या हो. आम्ही धरलंय."

मी साखळी हातात घेऊन दाराशी उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.