माफीनाम्याची भाषा

शाळेत मी मराठी शिकवते, त्यामुळे कुणाचंही पत्र लिहायचं असलं की मलाच बोलावतात. त्या दिवशीही मुख्याध्यापकांनी बोलावलं. आदल्या दिवशी गच्चीवरच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलं होतं. टम्म फुगलेलं, पिसं सुटून पाण्यावर पसरलेली. चौथीतल्या काही मुलांना उलट्या झाल्या होत्या आणि सकाळपासून पालक फाटकापाशी जमले होते.

"टाकीचं झाकण उघडं राहिलं. मावशीकडून माफीनामा घ्या," सर म्हणाले. "पालकांना काहीतरी दाखवावं लागेल."

मावशी म्हणजे शाळेत झाडलोट करणारी, पन्नाशीतली बाई. मूळची कन्नड तालुक्यातली, इथं उस्मानपुऱ्यात भावाकडं राहायची. ती टेबलाशेजारी हात बांधून उभी होती.

झाकण मी उघडं ठेवलं होतं. चार दिवसांपूर्वी नळाला पाणी आलं नव्हतं, टाकीत किती उरलंय ते बघायला मी वर गेले होते. झाकण सरकवलं, तेवढ्यात फोन वाजला आणि बोलत बोलत मी खाली उतरले. कबूतर सापडल्याचं ऐकलं त्याच क्षणी हे आठवलं होतं. आता बोलावं, असं मनात आलंही. मग सरांनी कोरा कागद पुढं सरकवला आणि मी पेनाचं टोपण काढलं.

लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. "माझ्या अक्षम्य हलगर्जीपणाबद्दल मला तीव्र पश्चात्ताप होत आहे."

"अक्षम्य म्हंजे काय, बाई?" मावशीनं विचारलं.

"ज्याला माफी नाही असं."

"मग माफी कशाला मागायची?"

सर हसले. मी 'अक्षम्य' खोडून 'गंभीर' लिहिलं. वाक्य आता नीट बसलं, असं मला खरोखर वाटलं. त्या समाधानाची मला आजही किळस येते. मावशीनं एकेक अक्षर जुळवत सही केली.

सोमवारी तिला कामावरून काढलं. कबुली तिच्याच सहीनं दिलेली होती, वेगळ्या पुराव्याची गरजच उरली नाही.

त्यानंतर स्टाफरूममध्ये विषय निघाला की सगळे म्हणत, वाईट झालं, चूक झाली, झाकण राहून गेलं. मीही म्हणायचे. वर्गात मुलांना 'वाक्यातला कर्ता ओळखा' म्हणायचे आणि बाहेर कर्ता नसलेली वाक्यं बोलायचे. डबा उघडला की ती पिसं दिसायची. जेवण जाईना.

दोन महिन्यांनी एका दुपारी तिच्या घरी गेले. ती मेथी निवडत बसली होती.

"मावशी, मला फार अपराधी वाटतंय."

"कशापायी?"

"झाकण मी उघडं ठेवलं होतं."

"व्हय. जिन्यानं खाली येताना बघितलं होतं म्या तुम्हाला."

मी विचारलं, "मग सरांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. ते म्हणले, बाईंचं नाव घेऊ नको." तिनं निवडलेली जुडी बाजूला ठेवली. "तुम्ही लिहीत होत्या तवा वाटलं, आता बोलतील, आता बोलतील."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "इथं नका रडू, बाई. भाऊ यील आता, त्याला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. 'टाकीचं झाकण मी उघडं ठेवलं. मावशींचा त्यात काही दोष नाही.' सरांनी तो वाचला. "भाषा जरा रोखठोक झाली, बाई. शिवाय आता सगळं मिटलंय." त्यांनी घडी घालून तो ड्रॉवरमध्ये टाकला. मावशीनं तेव्हाच माझं नाव सांगितलं होतं ना, असं मी विचारलं, तर त्यांनी ड्रॉवरला कुलूप लावलं. माफीनामा लिहिला तेव्हाही आम्ही दोघं याच टेबलाशी बसलो होतो, हे आठवलं.

पालकसभेत मी उभी राहिले आणि तीच दोन वाक्यं बोलले. मग एका पालकानं विचारलं, फिल्टर कधी बसवणार. पुढं त्यावरच चर्चा झाली.

मला मेमो मिळाला. मावशीला परत बोलावणं गेलं, ती आली नाही. आता ती एका मेसमध्ये पोळ्या लाटते. रस्त्यात मी दिसले तर स्वतःहून थांबते, शाळेतली लेकरं कशी आहेत विचारते. मी उत्तर देते आणि ती जाईपर्यंत तिच्या चपलांकडं बघत राहते.