कडेवरचं विमान

पारोळ्यात सुकदेवनानांच्या दुकानात पंखे, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंगला येतात. त्या वेळेवर परत मिळतील की नाही, हे त्या आठवड्यात नानांच्या डोक्यात विमान आहे की नाही यावर ठरतं. रिमोटवर उडणारी विमानं ते स्वतः बनवतात. आधीची दोन सिग्नल तुटून गेली. एक विहिरीत, दुसरं एका लग्नाच्या पंगतीत, थेट मठ्ठ्याच्या पातेल्यात. तेव्हापासून तपासणीत पास झाल्याशिवाय विमान जमीन सोडणार नाही, अशी नानांची शपथ आहे.

तपासणी तशी सोपी. रिमोटचा जोर मुद्दाम कमी करायचा, कुणाला तरी विमान धरायला लावायचं आणि तीसेक पावलं लांब जाऊन रिमोटची दांडी हलवायची. तरीही पंखाची पट्टी हलली, म्हणजे पूर्ण जोरावर विमान आकाशातही ऐकणार.

"ज्याले कुजबुज ऐकू येस, त्याले वरडनं ऐकू येईच ना," नाना समजावतात. घरात हा नियम लागू पडत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

तिसऱ्या विमानासाठी ते हिवाळाभर खपले. चुलतभावाच्या शेतातली कपाशी नुकतीच उपटून झाली होती आणि दुसऱ्या दिवशी नांगरटीला ट्रॅक्टर येणार होता. ढेकळांत विमानाची चाकं धावत नाहीत. म्हणजे आज उडालं तर उडालं, नाहीतर पुढच्या वर्षी.

विमान धरायला नानांच्या सौभाग्यवती भागाबाई. नाना दहा पावलं गेले.

"हालस का?"

"हालस!"

आणखी चार पावलं. "आते?"

"नही हालत!"

नाना परत आले. बॅटरी बदलली. पुन्हा गेले. "नही हालत!" आतली वायर सरळ केली. "नही हालत!" तिसऱ्यांदा तर भागाबाईंनी विचारायचीही वाट पाहिली नाही. नाना तिथेच लांब, जमिनीवर मटकन बसले. हिवाळा वाया गेला, हे त्यांच्या टोपीवरूनसुद्धा दिसत होतं.

भागाबाईंनी विमान बांधावर ठेवलं आणि पाण्याच्या कळशीकडे वळल्या. नानांचा अंगठा सवयीनं दांडीवर चालूच होता.

"आहो! हाली ऱ्हायनं!"

नाना उठले, मागे मागे सरकत पार शेताच्या टोकाला गेले. तिथूनही हलत होतं! ते धावतच आले.

"तू धरेल कसं व्हतं, दखाड बरं."

भागाबाईंनी विमान उचललं, कडेवर घेतलं, पोटाशी घट्ट धरलं आणि वरून पदर घातला. बिचाऱ्या सिग्नलनं शिरायचं कुठून? म्हणून लांबून पट्टी गप्प.

"पोरगं शे का ते?"

"ऊन किती लागी ऱ्हायनं त्याले! मंग कसं धरू, शेपटी धरीसन लोंबकाडू?"

नानांचं हसू मिशीत मावेना. बांधावरची तपासणी त्यांनी पास धरली, रिमोट पूर्ण जोरावर केला आणि विमान सोडलं. ते धावलं, वर उठलं, कडुलिंबावरून वळलं आणि दोन फेऱ्या मारून शहाण्यासारखं परत येऊन उतरलं.

"आते माले द्या," भागाबाईंनी हात पुढे केला.

तो रिमोट नानांनी आजवर पोटच्या पोरालाही दिलेला नाही. नानांनी विमानाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, रिमोट तिच्या हातात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.