भिमीची चावी आणि चाकांवरचं घर

सापगावपासून थोडं आत, उतारावर वसलेल्या एका पाड्यावर भिमी गेली अठरा वर्षं नळाला पाणी सोडते. आधी हे काम तिच्या नवऱ्याचं, मंगळूचं होतं. त्याचा गुडघा धरला तेव्हा ‘चार दिवस तू जा’ म्हणून त्याने चावी तिच्या हातात दिली, आणि ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. गुडघा केव्हाच बरा झाला, पण चावी परत मागायची मंगळूची छाती नाही.

चावी म्हणजे कमरेएवढी लोखंडी कांब, वर धरायला आडवा दांडा. ती जमिनीतल्या व्हॉल्व्हला लावून फिरवायची. पाणी टेकडीवरच्या टाकीतून आपल्याच वजनाने उतरतं, मोटर वगैरे काही नाही. त्यामुळे वरच्या आळीला पाणी कण्हत येतं आणि खालच्या टोकाला उड्या मारत. भिमीचा हिशेब ठरलेला: वरच्या आळीला पाच फेरे, मधलीला तीन, खालच्या लाइनीला दीडच. तरीही रोज कुणीतरी कंबरेवर हात ठेवून विचारतंच, “आमच्या नळाला फोर्स का नाय गो?” फोर्स ही या पाड्यावरची सगळ्यात मोठी मागणी. फोर्स मिळाला तो भाग्यवान, असा साधा कायदा.

खालच्या टोकाला सतीशची जागा आहे. सतीश आसनगावहून लोकलने रोज कल्याणला नोकरीला जातो, पाड्याच्या पाणी समितीवर आहे, आणि त्याच्या डोक्यात कायम काहीतरी शिजत असतं. यंदा दिवाळीनंतर शिजलं ते असं की, चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्या लोकांसाठी तिथे थांबा करायचा. गाडी सावलीत लावायची, नळाला पाइप जोडायचा, की घर चालू.

पहिले पाहुणे एका सोमवारी आले. डोंबिवलीचे काळसेकर, दोघं नवराबायको, दोघंही निवृत्त. आठ दिवस राहणार होते. त्यांच्या कॅरव्हॅनमध्ये गादी, शेगडी, बेसिन, सगळं. पाडा बघायला लोटला. “घर नेतात ता नेतात, मोरी पन संगती नेतात!” मंगळू म्हणाला, आणि दिवसभर तेच ज्याला त्याला सांगत सुटला.

भिमीने मात्र गाडीकडे पाहून मनाशी एक ठरवलं. पाड्याचे पहिले पाहुणे, त्यांना पाणी कमी पडलं तर लाज आपली. मंगळवारी सकाळी तिने वरच्या दोन्ही लाइनी बंद ठेवल्या आणि खालचा व्हॉल्व्ह सगळाच्या सगळा उघडला. दीड फेऱ्याच्या जागी नऊ! अठरा वर्षांत असा मान तिने कुणाला दिला नव्हता, स्वतःच्या लेकीच्या लग्नातसुद्धा नाही.

पाणी धावलं. लाइनीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेली तांबडी माती उठवून, तीही संगतीला घेऊन धावलं. गाडीत बेसिनखाली पाइपाचा सांधा फटकन निसटला, पांढरं बेसिन मातीने लाल झालं, तोटीची जाळी तुंबली आणि गादी भिजून पखाल झाली. काळसेकरबाई भिजलेल्या गाऊनमध्ये खाली उतरल्या आणि कपाळावरचा चिखल पुसत म्हणाल्या, “अहो, आंघोळ मी करणारच होते, पण पलंगावर नव्हे!”

त्या हसल्या, पण सतीश हसला नाही. कामावर निघता निघता तो भिमीवर उखडला. “मावशी, किती सोडायचा ता पन कळत नाय तुला? आता बस झाला. शनिवारी कल्याणवरनं माणूस बोलावतो. ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह बसवून टाकू. शनिवारी चावी आणून दे.”

भिमीला ते फार लागलं. चावी जाणार याचं दुःख होतंच, पण अठरा वर्षांनी कुणीतरी तिला पाणी कळत नाही म्हणालं होतं. दुपारी ती जेवली नाही. मंगळूने ताट समोर सरकवलं, तर म्हणाली, “तू जेव. मला विचार करायचाय.” आपली बायको ताटावर बसून विचार करते म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मंगळूला कळलं, आणि त्याने दोघांचंही जेवून टाकलं.

तिसऱ्या प्रहरी ती काळसेकरांकडे गेली. गादी उन्हात पडली होती. काळसेकर सांधा परत बसवत होते.

“दादा, या गाडीच्या पोटात टाकी हाय का?”

“आहे की, शंभर लिटरची. तिच्यातून पाणी ओढायला छोटा पंपही आहे. नळ मिळाला की थेट नळाला जोडतो, एवढंच.”

“मंग नळ तिच्या उरावर कशाला घालता? टाकीला धीरानं पाजा ना. फोर्स तुमचा पंप देल.”

काळसेकरांनी हातातला पाना खाली ठेवला. चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं सांभाळलेला माणूस, पण हे त्यांना आधी सुचलं नव्हतं. “बाई, बरोबर बोलताय तुम्ही,” ते म्हणाले.

सतीशच्या जागेला लागून भिमीचं शेत. भाताची राखण करायला बांधलेला माळा तिथे रिकामाच उभा होता. मंगळूने त्याला ऐनाचे दोन जाड खांब जास्तीचे ठोकले. लग्नाकार्यात पाणी प्यायला ठेवतात ते तोटीचं पिंप दोघांनी वर चढवलं. तोटी तळापासून चार बोटं वर होती, म्हणजे गाळ खाली बसेल आणि वरचं निवळ पाणी तेवढं बाहेर येईल. पिंपाच्या तोंडावर भिमीने आपल्या सासूचं जुनं लुगडं चौपदरी करून बांधलं. मंगळू म्हणाला, “आई जिती असती तर लुगड्यावरून तुला फोडून काढली असती.” “जिती असती तर तिनंच बांधला असता,” भिमी म्हणाली.

बुधवारी सकाळी लाइनीचं टोक तिने आधी आपल्या शेतातल्या वांग्यांकडे वळवलं. तांबडं पाणी वांग्यांना गेलं. स्वच्छ धार लागल्यावर पाइप पिंपात टाकला, व्हॉल्व्ह दीडच फेरा. पिंप भरलं, पाणी निवळलं, आणि माळ्यावरून हळूहळू गाडीच्या पोटात उतरलं. काळसेकरबाईंनी गाडीतली तोटी सोडली, पेला उजेडात धरून पाहिला आणि तिथेच घटाघटा प्यायल्या. रोज सकाळी पिंपाच्या तळात दोन ओंजळी चिखल निघायचा. तोही वांग्यांनाच.

शनिवार आला. भिमीने चावी चिंचेने घासून लख्ख केली, कारण द्यायची ती नीट द्यायची. सतीश सुट्टीवर, गाडीजवळ उभा होता. दोरीवर काळसेकरांचे पांढरे सदरे वाळत होते. त्यांवर तांबडा डाग औषधालाही नव्हता.

“घे,” भिमी म्हणाली आणि चावी पुढे केली.

सतीशने सदऱ्यांकडे पाहिलं, माळ्याकडे पाहिलं. “मावशी, कल्याणवाल्याला नको सांगितलाय मी. ठेव ती तुझ्याकडंच.”

“तशी नाय घेणार. आज तू सोड पानी. बघू दे मला, कळतो का तुला.”

आता माघार घ्यायची म्हणजे पंचाईत. काळसेकरबाई खुर्ची घेऊन बसल्या. सतीशने व्हॉल्व्हला चावी लावली, एक फेरा दिला, दुसरा दिला, मग पिंपाकडे पाहून आणखी चार दिले. पिंपातला पाइप सापासारखा उसळला, लुगडं उडालं आणि माळ्यावरून आलेला अख्खा लोट सतीशच्या इस्त्रीच्या शर्टावर बसला.

“अरे, दीड फेरा!” भिमी ओरडली. “सहा कशाला दिलंस?”

सतीश तोंडावरून पाणी निपटत उभा होता. “पाव्हन्यांना कमी नको पडायला, म्हनून...” तो म्हणाला.

भिमीला हसू फुटलं. मग हसता हसता तिचे डोळे पाणावले.

“माझा पन तसाच झालेला रे, बाळा,” ती म्हणाली. पदराने तिने त्याचं तोंड पुसलं, त्याच्या हातातून चावी काढून घेतली आणि व्हॉल्व्ह दीड फेऱ्यावर आणून ठेवला.