सौद्यात गूळ चाखायचं काम

सांगलीच्या बाजारात मी गुळाचा खरेदीदार. वडिलांच्या हाताखाली शिकलो. रोज सकाळी सौद्याला, म्हणजे लिलावाला, उभं राहायचं, गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा फोडायचा, खडा जिभेवर ठेवायचा. नुसत्या रंगावर जाऊन चालत नाही. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ दिसायला पिवळाधमक असतो, पण तोंडात टाकला की खारट लागतो. चाखण्यापायी बरेवाईट खडे मी पंचवीस वर्षं गिळले. वर भरपेट जेवण आणि दिवसभर गादीवर बैठक. घरातला काटा माझं वजन दाखवेना, म्हणून एकदा दुकानातल्या मालाच्या काट्यावर उभा राहिलो. एकशे एकतीस किलो.

साखर वाढली होती, गुडघे धरले होते, झोपेत श्वास अडकायचा. सगळे उपाय करून झाल्यावर डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग दुर्बिणीतून कापून काढायची शस्त्रक्रिया सुचवली. कागदावर चित्र काढून म्हणाले, "आत्ता पिशवी आहे, नंतर केळ्याएवढं उरेल. पण खाणं तुम्हालाच सांभाळायचंय."

बायकोने विचारलं, "आणि ह्यांचा धंदा? हे रोज गूळ चाखतात."

"ते बंद," डॉक्टर म्हणाले. "एवढ्याशा जठराला गोड सोसणार नाही."

मला तेव्हा ते फारसं जाणवलं नाही. शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळीच त्यांनी मला वॉर्डात चालवलं. पाणी चमच्याने प्यायचं, मग काही दिवस डाळीचं पाणी, ताक, पुढे मऊ भात. दोन घास झाले की छातीत दाटून यायचं. भूक लागत नव्हती, पण खावंसं वाटायचं, आणि त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

दोन महिन्यांनी सौद्याला गेलो. सवयीने खडा तोंडात टाकला आणि गिळला. दुसरा, तिसराही. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, अंग घामाने भिजलं. आमच्या जुन्या हमालाने मला धरून पोत्यांवर बसवलं. "आवं मालक, बसा हितंच. हलू नगा." बायको रिक्षाने धावत आली.

इतक्या वर्षांच्या सवयीने खडा गिळलाच जाईल, थुंकणं जमणार नाही, म्हणून पुढचे काही दिवस मी नुसत्या नजरेने माल घेतला. एक अख्खा ट्रक खारट निघाला आणि गिऱ्हाइकाकडून परत आला. त्या दुपारी मी जेवलोच नाही. बायको समोर बसली.

"आवं, मी येते की उद्या सौद्याला."

"तू काय करणार?"

"चाखीन. फलटणला आमचं गुऱ्हाळ होतं. काहिलीतनं गूळ उतरला की वडील पहिला खडा माझ्या हातावर ठेवायचे. मी नाय म्हणाले, की तो माल बाजूला."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. माहेरी गुऱ्हाळ होतं हे मला माहीत होतं. बाकीचं मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून माझ्याशेजारी उभी राहिली. एका वयस्कर व्यापाऱ्याने विचारलं, "वहिनी, इकडं कुठं?"

"माल बघायला."

पहिल्याच ढिगातला खडा तिने चाखला आणि हळूच म्हणाली, "खार हाय ह्यात." रंग इतका सुरेख होता की मी तिचं ऐकलं नाही, बोली लावली. घरी येऊन तिने त्याच गुळाचा चहा केला. दूध घालताच फाटला. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. माझ्या जिभेला जे शिकायला वर्षं लागली, ते हिच्याकडे लहानपणापासून होतं, आणि मी तिला फक्त स्वयंपाकघरात बघत आलो होतो.

त्यानंतर तिच्या शब्दाबाहेर मी माल घेतला नाही. आता शस्त्रक्रियेला वर्ष झालंय. वजन ब्याण्णव आहे, साखरेची गोळी सुटली, रात्री शांत झोप लागते. मधे केस खूप गळले, काही परत आले. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत. सौद्यात ती चाखते, मी बोली लावतो, आणि बाकीचे व्यापारी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करतात. ती काही कळू देत नाही.

दुपारी आम्ही दुकानातच डबा उघडतो. माझी एवढीशी वाटी संपायला अर्धा तास लागतो. तिचं आधीच झालेलं असतं, तरी ती ताटावरून उठत नाही.