मारोतभाऊंचा दम

"मास्तर, तुमी मधात थांबून काऊन नाई राह्यले?"

मारोतभाऊ माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. गडचांदूरच्या शाळेत आठवडाभर गणित शिकवून मी रविवारी मोहर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये पर्यटकांसाठी गिटार वाजवायचो. भाऊ तिथल्या स्वयंपाकघराला तळ्यातली मासळी द्यायला आले होते. पिशवीतून पाणी ठिबकत होतं आणि हे गृहस्थ शेवटपर्यंत दारातच उभे. चार कौतुकाचे शब्द येतील म्हणून मी कान टवकारले, तर हा प्रश्न. मी स्वतःला पट्टीचा वादक समजायचो, त्यामुळे नाकाला मिरची झोंबली.

तरी ते स्वतःही वाजवतात असं स्वयंपाकघरातून कळलं, म्हणून पुढच्या रविवारी त्यांच्या गावी गेलोच. घरात भजनमंडळाचा जुना बँजो होता. सूर दाबायच्या चाव्या गंजल्या म्हणून भाऊंनी त्या उपटून टाकल्या होत्या आणि ते तारांवरून बाटलीची गुळगुळीत काच फिरवत होते. असा घसरत जाणारा, हळवा सूर मी फक्त अमेरिकेतल्या गुराख्यांच्या गाण्यांत ऐकला होता. भाऊंनी ती गाणी कधी ऐकलेली नव्हती. दोन सूर लावायचे आणि थांबायचे, ते थेट टिटवी ओरडेपर्यंत. मग नेमके तिच्या सुराला लागून उतरायचे. वीस वर्षं गिटार धरून मला हे साधलं नव्हतं, पण हेवा वाटायचा नाही. नुसतं बघत राहावंसं वाटायचं.

मधल्या त्या थांबण्याला ते 'दम' म्हणत. मी घाई केली की काच उचलून म्हणायचे, "दम घेऊ द्या तिले." ती म्हणजे कोण, सुरावट की टिटवी, हे मी कधी विचारलं नाही.

आम्ही दोघांनी अल्बम करायचं ठरवलं. दोघांचाही पहिलाच. तळ्याच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, सकाळी माइक मांडून सहा सुरावटी रेकॉर्ड केल्या. मग घरी कॉम्प्युटरवर बसून मी शहाणपणा केला. एवढी रिकामी जागा कोण ऐकणार, म्हणून सगळे दम कापून टाकले. अल्बम अर्ध्यावर आला आणि मला वाटलं, काय सुबक झाला.

भाऊंनी तो पूर्ण ऐकला, विडी विझवली आणि म्हणाले, "माह्यं नाव काढून टाका याच्यातून."

"का हो भाऊ? सूर तर सगळे तुमचेच आहेत."

"सूर हायेत. दम नाई." अंगणात वाळत घातलेलं जाळं त्यांनी उचलून धरलं. "याच्यात सूत कमी, भोकंच जास्त. भोकं बुजवली तं मासा येन, पन तळं बी उचला लागन."

ते रागावले नव्हते, हेच मला जास्त लागलं. मूळ रेकॉर्डिंग शिल्लक होतं. महिनाभर खपून मी एकेक दम जागच्या जागी जोडला. तेवढ्यात तिकडे भाऊंना ताप चढला, चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं आणि तिथेच ते गेले. मला कळलं ते अल्बम घेऊन पोचलो तेव्हा; तेरवीही उरकली होती. नाव काढा म्हणून सांगून गेलेल्या माणसाचं नाव लावायचं कसं? माझं एकट्याचं लावणं तर चोरीच झाली असती.

त्यांच्या बायकोला, पार्वताबाईंना, सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लावा तं खरं."

फोनवर बँजो वाजला तेव्हा बाई शेंगा सोलत होत्या. सोलतच राहिल्या. मग पहिला दम आला. पाणी, वारा, श्वासाची बारीक घरघर. मला अवघडल्यासारखं झालं आणि पुढे सरकवायला मी फोनकडे हात नेला. बाईंनी मनगट धरलं.

"थांबा," त्या हळूच म्हणाल्या. "आता खोकतीन."

फोनमधून मारोतभाऊ खोकले.

बाईंनी माझा हात सोडला. "लावा त्याइचं नाव," म्हणाल्या.