धाकट्याच्या गाडीचे ब्रेक

धाकट्या भावाचे दिवस घालून झाले, आणि मग त्याच्या नावाचं पार्सल आलं. खोकं इतकं जड होतं की कुरिअरवाल्याने आणि मी मिळून ते उंबऱ्याच्या आत घेतलं. आत ब्रेकचं सामान: चाकामागे बसणाऱ्या दोन मोठ्या डिस्क, त्यांना आवळून धरणारे दोन लाल कॅलिपर, पॅड. थेट जपानहून मागवलेलं सामान. आजारी पडायच्या आधीच त्याने मागणी नोंदवली होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

तो काविळीने गेला, दवाखान्यात. तरीही साताऱ्याला आमच्याकडे भेटायला येणारं माणूस आधी अंगणातल्या त्याच्या गाडीकडे बघायचं. जुनी जपानी टर्बो गाडी. तिचा आवाज अख्ख्या गल्लीला पाठ होता. "वेगानंच घात केला म्हणायचा," असं एक पाहुणे माझ्यासमोर बोलले. ते गेल्यावर आबांनी, आमच्या वडिलांनी, गाडीवर ताडपत्री टाकली आणि मला म्हणाले, "गिऱ्हाईक बघ तिला."

मी भावाच्या सांगलीच्या मित्राला फोन केला. त्याचं गॅरेज आहे, आणि या दोघांचं वेड एकच. दुसऱ्या दिवशी तो गाडी न्यायला आला. ताडपत्री काढताना आबा आत निघून गेले. विकण्याआधी त्याने मागवलेलं सामान एकदा गाडीला बसवायचं, असं मी ठरवलं होतं; आम्ही दोघांनी खोकं मागच्या सीटवर ठेवलं नि मी पुढे मित्राच्या शेजारी बसले.

कराड मागे पडल्यावर तो बोलला. "आक्का, कुंभार्ली घाट उतरत होतो आमी दोगं. मधीच ब्रेकचं पेडल मऊ पडलं. जळका वास सुटला. त्यानं गिअरवर गाडी धरली म्हणून वाचलो. खाली पोचलो तर चाकापाशी उकिडवा बसला. मग म्हणला, आता इंजिनाला हात लावायचा न्हाई. आदी ब्रेक."

गॅरेजमध्ये जुन्या डिस्क निघाल्या. उष्णतेने निळ्या पडल्या होत्या. नवं सामान बसलं, पण मोठा कॅलिपर जुन्या चाकात मावेना. मित्र गॅरेजच्या मागे गेला. तिथे त्याची स्वतःची तसलीच गाडी होती, मोठ्या चाकांची. तिला जॅक लावून त्याने भावाच्या गाडीसाठी तिची चारही चाकं काढायला घेतली.

"अरे, आणि तुझी गाडी?"

"ऱ्हाईल उभी. सोबत कोण हाय आता पळवायला?"

शेवटी ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायची होती. त्यासाठी कुणीतरी आत बसून पेडल दाबावं लागतं. तो म्हणाला, "आक्का, तुमी बसा."

भाऊ गेल्यापासून ड्रायव्हरच्या सीटवर मी बसले नव्हते. सीट त्याच्या लांब पायांच्या मापाने मागे सारलेली होती; गाडी आणताना मित्रानेही ती हलवली नव्हती. माझा पाय पेडलपर्यंत पोचेना. सीट पुढे ओढायचा खटका हाताला लागला, पण हात चालेना. मित्राने ते पाहिलं आणि एक गादी आणून माझ्या पाठीशी दिली.

"दाबा," तो चाकाजवळून म्हणाला. "धरा. सोडा."

सुरुवातीला पेडल सरळ तळाला जात होतं. दाबा, धरा, सोडा. हळूहळू पायाखाली काहीतरी घट्ट होत गेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो खाली मान घालून तेच तीन शब्द म्हणत राहिला.

परतताना गाडी मी चालवली. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून वेग घ्यायचा आणि पूर्ण न थांबता तो उतरवायचा, असं आष्ट्यापर्यंत त्याने शेजारी बसून करून घेतलं. तिथे तो उतरला. एसटीने माघारी जाणार होता. "सावकाश जावा, आक्का," एवढंच म्हणाला.

घरी पोचले तर आबा फाटकात उभे. लाल कॅलिपरकडे त्यांनी वाकून पाहिलं, दार उघडलं नि आत बसले. "यवतेश्वरापत्तुर चल."

गावाशेजारचा यवतेश्वरचा घाट चढलो, आणि वरून लगेच वळलो. उतारावर प्रत्येक वळणाला गाडी पायाच्या इशाऱ्यावर आवरत होती. आबा समोर बघत होते.

"हे त्यानं कवा मागवलं?"

"आजारी पडायच्या आधी. घाटात एकदा ब्रेकनी दगा दिला होता, तेव्हापासून त्याच्या डोक्यात होतं."

"मला वाटायचं त्याला निस्तं पळवायचंच कळतंय," आबा म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी गाडी कडेला घेतली. भाऊ गेल्यानंतर आबा त्या दिवशी पहिल्यांदा रडले, आणि मी त्यांचा हात धरून बसून राहिले.