आजोबांना मानवेल असा वास

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही नातवंडांनी विचारलंत, आजोबांच्या खिडकीबाहेरचं झाड कुठे गेलं? ते मी तोडवलं. चूक माझीच होती.

डहाणूच्या या घरी आलो तेव्हा मी बागेचा नकाशा वहीत पट्टीने आखला होता. फाटकापाशी जांभळी तामण, विहिरीकडे पिवळा बहावा, खिडकीशी सुगंधी झाड. रोपवाटिकेत सातवीण दिसली. एकेका पेराला सात-सात पानं, कुणी मोजून लावल्यासारखी. मला ती टापटीप इतकी आवडली की फुलांची चौकशीसुद्धा केली नाही.

काही वर्षांनी दिवाळीच्या सुमारास ती फुलली. वास असा उग्र की आजोबांचा दमा उसळला. खिडक्या लावल्या तरी तो आत यायचाच. झाड गेलं तेव्हा ते सावरले. पण पुन्हा असं झालं तर घर बंद करून तुमच्या आत्याकडे ठाण्याला जायचं, असं ठरलं. त्यांना जायचं नव्हतं, आणि खिडकीशी फुलंही हवीच होती.

चिकूच्या वाडीत कामाला येणारी, जवळच्या कैनाड गावची मावशी माझ्याच वयाची. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करते.

"पानं बघून झाड आणलंस बाई. नाक काय घरी ठेवून गेलेलीस?"

"मग आता काय लावू?"

"लावायचं नंतर. आधी मूठभर फुलं त्याच्या उशाशी ठेव."

मग जे फुलेल ते ती आणायची आणि आजोबांच्या दुपारच्या झोपेत मी ते उशाशी ठेवायची. अनंताने शिंका आल्या. सोनचाफ्याने खोकला. मी वहीत फुल्या मारत गेले.

"मी नवरा आहे तुझा," आजोबा म्हणाले, "शाळेतला चिरफाडीचा बेडूक नाही."

उन्हाळ्यात बकुळीची ओंजळ आली. मी दम्याचा पंप हातात घेऊन खुर्चीवर बसले. चारला ते उठले. छातीत शिट्टी नाही, काही नाही. एक फूल नाकाशी धरून म्हणाले, "एवढीच आणलीस?"

सलग तीन दिवस तसंच. बकुळीला रंग म्हणावा असा नाही, पण रंग फाटकापाशी आहे तेवढा पुरे. रोप लावलं त्याच दिवशी मी तुमच्या आत्याला फोन केला. आमच्यासाठी मोकळी ठेवलेली खोली आता तिने खुशाल वापरावी.